त्रेचाळीस हुंकार

पंचधारा पाणीपुरवठा मंडळात कोणी कोणाशी बोलत नसे. भांडणं झाली होती म्हणून नाही. परिपत्रक आलं होतं म्हणून.

परिपत्रक दोन ओळींचं होतं. कामाच्या वेळेत फोन करायचा नाही, कोणाच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं नाही, जे सांगायचं ते 'चावडी'वर लिहायचं. आणि चावडीवर आलेल्या प्रत्येक निरोपाला दहा मिनिटांच्या आत पोच द्यायची. चावडी म्हणजे मंडळाच्या सगळ्या माणसांना संगणकावरून आणि फोनवरून जोडणारी गप्पांची जागा. निदान परिपत्रकात तरी तिला तसं म्हटलं होतं. गप्पा तिथे कोणी कधी मारल्या नाहीत. तिथे लोक पोच देत. पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस 'पंखा जरा कमी करा' असं चावडीवर लिही, आणि पंख्याच्या बटणाजवळचा माणूस 'नोंद घेतली' असं उत्तर देऊन पंखा तसाच गरगरत ठेवी. मंडळाच्या दृष्टीने काम झालेलं असे.

उशीर झाला की नावापुढे लाल ठिपका येई, आणि महिन्याकाठी ज्याचे ठिपके जास्त त्याची बदली तळसरला. एका माणसाला दिवसाला सहाशे निरोप. ते वाचायचे कधी, त्यावर विचार करायचा कधी, आणि नळाला पाणी सोडायचं कधी, हे परिपत्रक काढणाऱ्याला कोणी विचारलं नाही. विचारायचं तर चावडीवर, आणि त्याची पोच लगेच आली असती.

शर्वरी घोलप या मंडळात जोड-व्यवस्थापक होती. चावडीला वरून चिकटवता येणाऱ्या छोट्या छोट्या आज्ञावलींना तिथे 'जोड' म्हणत. टाकीची पातळी दर तासाला आपोआप लिहिणारा एक जोड होता, रजांचा हिशेब ठेवणारा एक, आणि वाढदिवसाच्या दिवशी साहेबांच्या नावाने फुलं पाठवणारा एक. कोणालाही आपल्या गरजेचा जोड बनवून घेता येई. मात्र तो बसवण्याआधी शर्वरीने तपासायचा: हा कोणाचे निरोप वाचणार, कोणाच्या नावाने लिहिणार, बिघडला तर काय काय बिघडवणार. मग तिची सही. गेली नऊ वर्षं ती हे काम डोळ्यांत तेल घालून करत होती. तिने नाकारलेल्या जोडांची यादी मंजूर केलेल्यांपेक्षा लांब होती, आणि त्याबद्दल अर्धं कार्यालय तिच्यावर चिडून असे.

तरीही 'हुंकार' तिने स्वतः लिहिला आणि स्वतःच मंजूर केला. का, तर तिचीही मान धरली होती. सहाशे निरोपांना पोच देऊन संध्याकाळी घरी गेल्यावर मुलीने काही विचारलं तरी तिच्या तोंडून 'नोंद घेतली' असं निघे. एकदा निघालं तेव्हा मुलगी हसली. चौथ्यांदा निघालं तेव्हा हसली नाही, आणि त्या रविवारी शर्वरी लिहायला बसली.

जोडाला नाव मात्र तिचं नव्हतं. ते महादेव डोईफोड्यांनी सुचवलेलं.

डोईफोडे तळसरच्या जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनच्या खोलीचं काम बघत. वय चोपन्न, नोकरी एकतीस वर्षं. नदीचं पाणी गाळून झालं की त्यात क्लोरीन वायू सोडायचा, म्हणजे रोगजंतू मरतात. तो वायू माणसाएवढ्या आडव्या लोखंडी सिलिंडरांत भरून येतो आणि बेतात सोडला तर गावाला जगवतो, बेताबाहेर सुटला तर माणसाची छाती आतून जाळतो. हा बेत डोईफोडे सांभाळत. सगळं कार्यालय त्यांना मामा म्हणे. चावडीवर लिहिणं त्यांना जमत नसे असं नाही, पण ते सावकाश लिहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे आलेला प्रत्येक निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. त्यामुळे त्यांच्या नावापुढे ठिपक्यांचा गोवर उठला होता. बदली करायची तर तळसरलाच करायची आणि ते आधीच तळसरला होते, एवढाच त्यांचा बचाव.

"मामा, आता तुम्हाला लिहायला नको," शर्वरीने त्यांना मुख्य कार्यालयात बोलावून समोर बसवलं. "हा जोड तुमच्या वतीने पोच देईल."

"माझ्या वतीनं? म्हंजे मी न वाचता?"

"तुम्ही गेल्या दोन वर्षांत जी जी उत्तरं दिलीत ती यानं बघितली. कोणाला काय लिहिता, कुठे मॅडम म्हणता, कुठे साहेब म्हणता, किती वेळानं लिहिता. त्याला आम्ही 'छाप' म्हणतो. तुमच्या बोलण्याची छाप. निरोप आला की यावर मामा काय म्हणाले असते, ते हा छापेवरून काढतो आणि तेच लिहितो."

"त्याला कळतं का पण, निरोपात काय हाय ते?"

हा प्रश्न शर्वरीला मंडळातल्या एकाही अभियंत्याने विचारला नव्हता. "कळत नाही मामा. यानंतर काय यायचं असतं, तेवढं त्याला ठाऊक असतं. आरतीत आपण नाही का, पुढची ओळ आपसूक म्हणतो, अर्थ माहीत नसला तरी."

डोईफोडे हसले. "आमचा बा राखणीला शेतात न्यायचा तवा गोष्टी सांगायचा. म्हणायचा, हुंकार दे रं. मी हं, हं करायचो. हुंकार थांबला की बा गोष्ट थांबवायचा, पोर झोपलं म्हणून. हे तुमचं तसंच झालं."

"अगदी तसंच."

"पण मॅडम, झोपेतबी हं हं करणारं पोर निघालं, तर बानं काय करावं?"

"त्याचीही सोय केलीय," शर्वरी म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिने त्यात 'टोचणी' घातली होती. निरोप गंभीर असेल तर जोडाने गप्प बसायचं आणि माणसाच्या फोनवर कर्कश घंटा वाजवायची. अडचण एकच होती. गंभीर म्हणजे काय, हे यंत्राला सांगायचं कसं? या मंडळात 'तातडीचे' हा शब्द चहापत्ती संपल्याच्या निरोपावरही असे. तेव्हा शर्वरीने जुन्या निरोपांचा ढीग चाळून एक खूण शोधली. निरोप खरंच गंभीर असला की लोक एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारत राहतात. आणि कोणीतरी 'मी बघतो' म्हटलं, की बाकीचे त्या क्षणी गप्प होतात. मग तिने नियम केला: अशी विचारणा सुरू झाली की टोचणी चालू, कोणी ना कोणी काम अंगावर घेतलं की बंद. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसत होतं. चाचणीत तर एकदाही चुकलं नाही, कारण चाचणीत हुंकार तिच्या एकटीच्याच फोनवर होता आणि बाकीची माणसं जागी होती.

डोईफोड्यांनी त्या दिवशी जोड बसवून घेतला नाही. "मी आपला वाचतो तेवढं," म्हणून गेले. महिन्याभराने कार्यकारी अभियंता बेंद्रे साहेबांनी हुंकार सगळ्यांना सक्तीचा केला, तेव्हा शर्वरीने मुख्य कार्यालयातूनच त्यांच्या खात्यावर तो चढवला. बेंद्रे खूश होते. ठिपके संपले होते, मंडळ तत्परतेत पहिलं आलं होतं. त्यांची एकच तक्रार होती.

"घोलप, ते उत्तराखाली बारीक अक्षरात 'हुंकाराद्वारे' असं येतं, ते काढा."

"साहेब, ते राहू दे. वाचणाऱ्याला कळायला हवं."

"वाचणाऱ्याला काय करायचंय? उत्तर माझ्या नावाचं आहे ना, मग माझंच दिसलं पाहिजे. वरिष्ठांना आम्ही यंत्राकडून उत्तरं देतो असं दाखवायचंय का तुम्हाला?"

नऊ वर्षं न वाकलेली बाई त्या दिवशी वाकली. का वाकली याचं कारण तिला पुढे कितीदा विचारलं तरी सापडलं नाही. जेवायची वेळ झाली होती, एवढंच आठवे.

त्यानंतरचे चार महिने मंडळात फार सुखाचे गेले. माणसं वेळेवर घरी जाऊ लागली. चावडीवर मात्र आधीपेक्षा जास्त वर्दळ होती. एकाचा हुंकार दुसऱ्याच्या हुंकाराला विचारपूस करी, दुसरा आभार मानी, पहिला त्या आभारांची पोच देई. पोच दिलेला निरोप पडद्यावरून उठून 'झालेले' नावाच्या कप्प्यात जाऊन पडे. तो कप्पा उघडायचं कोणाला काही कारण नव्हतं.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला महादेव डोईफोड्यांनी चावडीवर लिहिलं:

'तीन नंबर सिलिंडरचा वॉल गळतोय. अमोनियाचा बोळा धरून बघितला, पांढरा धूर निघतोय. इथला श्वसनसंच रिकामा आहे, भरून पाठवा म्हणून दोनदा लिहिलं होतं. पथक पाठवा.'

चार मिनिटांत त्रेचाळीस उत्तरं आली. भांडारपालाने लिहिलं, 'संच आजच पाठवतो.' प्रयोगशाळेने लिहिलं, 'मामा, सांभाळून.' बेंद्रे साहेबांनी लिहिलं, 'मी बघतो. पथक निघतंय.' आणि घोलप मॅडमनी लिहिलं, 'मामा, आत जाऊ नका. मी लगेच फोन करते.'

शर्वरी खरोखर तसंच लिहीत असे. डोईफोड्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांचं काही आलं की ती नेहमी 'फोन करते' असं लिही आणि परिपत्रक धाब्यावर बसवून करीही. हुंकाराने ते बरोबर उचललं होतं. बेंद्रे साहेब कशालाही 'मी बघतो, निघतंय' म्हणत, तेही त्याने बरोबर उचललं. साहेबांचा हुंकार 'मी बघतो' म्हणाला आणि बाकी बेचाळीस जणांची टोचणी वाजण्याआधीच बंद झाली. साहेबांची टोचणी शर्वरीच्या 'फोन करते'ने बंद झाली. गळती थांबवणारं पथक अठरा किलोमीटरवर गाडीच्या सावलीत बसलं होतं. शर्वरी आपल्या टेबलाशी बसून निवृत्तीच्या शुभेच्छा देणारा नवा जोड तपासत होती. तो तिने बारकाईने तपासला, दोन चुका काढल्या आणि परत पाठवला.

बारा वाजून दोन मिनिटांनी डोईफोड्यांनी पुन्हा लिहिलं. 'वास वाढला. वारा खाली वस्तीकडं आहे. पथक कुठवर आलं?'

'पोचतंय,' साहेबांच्या नावाने उत्तर आलं. 'धीर धरा.'

बारा नऊला शेवटचा निरोप. 'आता थांबता येत नाही. मी आत जाऊन वॉल आवळतो. पथक आलं की मागोमाग आत या, मला बाहेर घ्या.'

'काळजी घ्या मामा.' 'आम्ही आहोतच.' 'ठीक आहे, कळवत राहा.' त्यालाही त्रेचाळीसच.

दोन वाजता पाळी बदलायला आलेल्या माणसाला ते सापडले, खोलीच्या दारापासून तीन पावलांवर. सिलिंडरचा वॉल आवळून बंद केलेला होता. वस्तीतल्या कोणाला साधा खोकलासुद्धा आला नाही.

चौकशी झाली. मंडळात चौकशी म्हणजे चावडीवरचे निरोप छापून त्यांना दोरा लावायचा. कागद चोख होते: सूचना अकरा चाळीसला, सर्व संबंधितांची पोच चार मिनिटांत, 'आत जाऊ नका' अशी स्पष्ट ताकीद अकरा एक्केचाळीसला. पथकाचं विचारलं तर बेंद्रे म्हणाले, मी 'निघतंय' म्हणालो होतो, निघालं म्हणालो नव्हतो. अहवालाच्या मसुद्यात शेवटी एक वाक्य आलं: 'सदर कर्मचारी वरिष्ठांचा आदेश डावलून, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू पावला.'

ते वाक्य घेऊन सिंधूबाई डोईफोडे शर्वरीकडे आल्या. बारीक चणीची, ताठ बसणारी बाई. नवऱ्याचा फोन रुमालात गुंडाळून आणला होता.

"मॅडम, ते तुमचं नाव लई घ्यायचे, म्हणून तुमच्याकडं आले. माझं बाकी काही मागणं न्हाई. ही एवढी ओळ खोडा. एकतीस वर्षं त्या खोलीत काढली त्यांनी. निष्काळजी असते तर पहिल्या सालीच मेले असते."

शर्वरीने मान हलवली.

सिंधूबाईंनी रुमाल सोडला. "रोज सकाळी वाचते मी हे. चौथी शिकलीय, येतं वाचायला. बगा, किती माणसं बोलत होती त्यांच्यासंगं. सांभाळा म्हणत्यात, आम्ही हाय म्हणत्यात. त्रेचाळीस. मोजली मी. यायला उशीर झाला आसंल, त्याला कोण काय करणार. पण माणूस एकटं न्हाई गेलं. तेवढ्यावर झोप लागती मला."

ती ओळ कशी खोडता येईल हे मंडळात फक्त तिला ठाऊक होतं. हुंकाराच्या आत, तिने स्वतःसाठी ठेवलेली एक नोंद होती: कोणता निरोप कोणाच्या पडद्यावर उघडला गेला, म्हणजे माणसाच्या डोळ्यांसमोर आला. त्या मंगळवारच्या तिन्ही निरोपांपुढे त्रेचाळीस वेळा शून्य होतं. बेचाळीस इतरांची, एक तिचं. ती नोंद पुढे केली की ताकीद कोणी दिलीच नव्हती हे सिद्ध होई, म्हणजे डावलण्याचा प्रश्न मिटे. मामांच्या नावावरचा डाग पुसला जाई. आणि या बाईकडे रोज सकाळी वाचायला जे होतं, ते जाई.

"बघते मी," शर्वरी म्हणाली, आणि आपल्याच तोंडचे शब्द ऐकून तिला शिसारी आली.

आठ दिवस ती तळ्यात-मळ्यात करत राहिली. नवव्या दिवशी तिने लिहिलं. चावडीवर, सगळ्यांना, चौकशी समितीला आणि बेंद्र्यांना. काही हातचं राखलं नाही. हुंकार मी लिहिला, टोचणीचा नियम माझा, खूण मी काढली, सही माझी. महादेव डोईफोड्यांना ज्यांनी उत्तरं दिली त्यांपैकी एकही माणूस नव्हता, मीसुद्धा नव्हते. सोबत ती शून्यांची नोंद जोडली. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण अहवालातली ती ओळ खोडा.

तिने ते पाठवलं.

पहिलं उत्तर अकराव्या सेकंदाला आलं. 'घोलप मॅडम, तुमची तळमळ समजते.' मग भांडारपाल: 'फार वाईट वाटलं. योग्य ते करतो.' मग प्रयोगशाळा, लेखा, आस्थापना, ज्याच्या त्याच्या ढंगात, ज्याच्या त्याच्या नेहमीच्या चुकांसकट. बेंद्रे साहेब म्हणाले, 'मी बघतो.' चौकशी समिती म्हणाली, 'नोंद घेतली.' चार मिनिटांत बेचाळीस झाले. तिने नोंद उघडून बघितली. बेचाळीस शून्यं.

मग त्रेचाळिसावं आलं. ते जरा सावकाश आलं, कारण छापेत तसंच होतं.

'वाचलं मॅडम. काळजी करू नका. मी हाय.'

महादेव डोईफोड्यांचं खातं अजून बंद झालं नव्हतं. शर्वरीने तशी विनंती केली होती, पण खातं बंद करायला खातेदाराची संमती लागते. यंत्रणेने संमती मागितली, डोईफोड्यांच्या हुंकाराने 'काय हरकत न्हाई' म्हणून लगेच दिली, आणि खातेदार कामावर हजर असल्याचं पाहून यंत्रणेने विनंती फेटाळली. हयात असताना त्रेचाळिसांत एकच माणूस निरोप शेवटपर्यंत वाचत असे, आणि आता त्याच्याही नावाने हे आलं होतं. शर्वरी टेबलावर डोकं टेकून रडली. शेजारच्या खुर्चीवरून तिला चावडीवर निरोप आला, 'बरं वाटत नाही का?' तिने उत्तर दिलं नाही. तिच्या हुंकाराने दिलं: 'ठीक आहे, धन्यवाद.'

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हक्कात होतं ते केलं. एक बटण दाबून मंडळातल्या सगळ्या फोनांवरून हुंकार उतरवला. तासाभरात नावांपुढे लाल ठिपक्यांचा पूर आला, दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली, आणि दुपारच्या आत वरच्या कार्यालयाने हुंकार पुन्हा चढवला आणि शर्वरीचं बटण काढून घेतलं. तिचं ते लेखी निवेदन कोणी वाचलं का? हो, असं बेंद्रे तोंडी म्हणाले. त्यांनी सारांश बघितला होता. सारांश काढणारा जोडही शर्वरीनेच मंजूर केलेला. त्यात आलं होतं: 'घोलप यांनी दुःख व्यक्त केले.'

महिनाअखेर अहवाल अंतिम झाला. ओळ होती तिथेच होती. खाली शेरा होता: 'मसुद्यावर हरकती मागवल्या. सर्व त्रेचाळीस संबंधितांनी पोच दिली. हरकत नाही.'

त्या रविवारी शर्वरी शून्यांची नोंद कागदावर छापून तळसरला गेली. तिच्याकडून होण्यासारखं आता एकच उरलं होतं. कागद सिंधूबाईंच्या हातात द्यायचा, म्हणजे त्या कोर्टात गेल्या तर त्यांच्या जवळ काही असेल. पण कागद द्यायचा तर तो कसला ते सांगायला हवं.

सिंधूबाई ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. शर्वरी बोलू लागली.

"सिंधूताई, कार्यालयात एक जोड बसवलाय."

"हं."

"माणसांच्या नावाने तो उत्तरं लिहितो. माणसाला न विचारता."

"हं."

"मामांनी मला विचारलं होतं, झोपेत हुंकार देणारं पोर असलं तर काय करायचं. मी म्हटलं, सोय केलीय."

"हं," सिंधूबाई म्हणाल्या. शेंगा फुटत होत्या, दाणे टोपल्यात पडत होते. शर्वरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या ऐकत होत्या की नुसत्याच हं म्हणत होत्या, तिला ओळखता येईना. गेल्या काही महिन्यांत तिने इतक्या पोचा बघितल्या होत्या, की समोर बसलेल्या जिवंत बाईचा हुंकारही तिला खरा वाटेना. आपण हे काय करून ठेवलंय, हे तिला खरं तर त्या क्षणी कळलं.

तरी ती पुढे बोलली. "त्या दिवशी मामांनी तीनदा लिहिलं. ते कोणीच वाचलं नाही. तुम्ही रोज वाचता ती उत्तरं कोणा माणसाची नाहीत. कोणीही त्यांच्याशी बोलत नव्हतं."

हुंकार आला नाही.

सिंधूबाईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली होती. शर्वरीही थांबली. गल्लीतून कोणीतरी सायकल हातात धरून गेलं. या बाईने आपलं ऐकलं, एवढी एकच गोष्ट आता शर्वरीला पक्की ठाऊक होती.

"सांभाळा म्हणणारीबी न्हाई?" सिंधूबाईंनी विचारलं.

"नाही."

"आणि तुमचं? मी लगेच फोन करते म्हणून लिवलंय, ते?"

"तेही मी लिहिलं नाही. मला दोन वाजेपर्यंत काही माहीतच नव्हतं."

सिंधूबाईंनी ती शेंग टोपल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि शर्वरीच्या हातातला कागद घेतला. त्यावरच्या शून्यांवरून त्या बोट फिरवत गेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न सोडता.

"दवाखान्यात त्यांच्या मुठीतनं फोन सुटंना," त्या म्हणाल्या. "दोघांनी मिळून बोटं सोडवली. मी म्हटलं, असा का धरलाय. दुसऱ्या कुणाला लावलाबी न्हवता, बंबवाल्यांनाबी न्हाई. मोकळा ठेवला होता. तुमचा यायचा होता म्हणून."